साडेएकतीस फेऱ्या

आईची गाणी कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दादा लांब राहतो आणि मी दोन गल्ल्या पलीकडे. जवळ राहणाऱ्याच्या नशिबी हेच असतं. दादाने फोनवर हुकूम सोडला, माझ्या पत्त्यावर एक नवं टर्नटेबल पाठवलं आणि त्याच्या मते निम्मं काम तिथेच झालं.

महिनाअखेरीस आई कायमची त्याच्याकडे राहायला जाणार होती. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथे आईसाठी एक पलंग आणि अर्धं कपाट एवढीच जागा निघाली होती. एकशे अठरा रेकॉर्ड काही त्यात मावणार नव्हत्या. शिवाय आमचा जुना रेकॉर्ड प्लेअर बाबा आजारी पडले तेव्हाच मुका झाला होता. थाळी गरगर फिरायची, आवाज मात्र यायचा नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. हातापायात बळ असतं तर त्यांनी तो संध्याकाळपर्यंत बोलता केला असता. ते गेले त्याला दोन वर्षं झाली आणि त्याच्याही आधीपासून आईच्या घरात गाणं वाजलं नव्हतं.

नवं टर्नटेबल वायरीने लॅपटॉपला जोडायचं. इकडे रेकॉर्ड वाजते, तिकडे तिची फाइल होते. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की कळतं, यात घाई चालत नाही. चाळीस मिनिटांची रेकॉर्ड चाळीस मिनिटंच घेते, मधे बाजू उलटायला माणूस लागतो, आणि सुईला कापसाचा धागा जरी अडकला तरी पहिल्यापासून सुरुवात. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. दिवसभर पाव नंबरासाठी लोकांशी वाद घालून दमायचं आणि मग आईकडे येऊन सुई खाली ठेवायची. पहिल्या आठवड्यात मी दादाला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या.

आईकडे पुसायचं काम होतं. बाबांच्या दुकानातलं मऊ फडकं घेऊन ती प्रत्येक रेकॉर्ड कडेने धरायची, गोल गोल पुसायची, उजेडात तिरकी करून बघायची आणि माझ्या हातात द्यायची. आणि मग एकदम गप्प व्हायची. चपला काढून चालायची. कप ठेवायचा तर टेबलावर आधी रुमाल घालायची. तिसऱ्या दिवशी तिला शिंक आली तर तोंड दाबून बाथरूममध्ये पळाली.

"अगं, काय चाललंय तुझं?" मी विचारलं.

तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं आणि कुजबुजली, "तो ऐकतोय ना."

तिला वाटलं होतं की खोलीतला आवाज त्या गाण्यांत शिरेल. मी हसून हसून बेजार झाले. वायरीतून येतं तेवढंच तो घेतो, बाहेर बँड वाजला तरी त्याला पत्ता लागत नाही, हे समजावून सांगितलं. आईने तीन दिवसांच्या चोरपावलांचा हिशेब माझ्या नावावर मांडला, आधी सांगितलं नाहीस म्हणून. पण माझा जीव भांड्यात पडला होता, त्याचं कारण वेगळंच होतं. गेले तीन दिवस मला एक गोष्ट खुपत होती. आई गात नव्हती.

आईचं गाणं म्हणजे स्टेजवरचं नव्हे. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. अर्धं गाव तिला आवाजावरून ओळखायचं आणि तोंडावरून कुणीच नाही. घरी आली की रेकॉर्ड लावायची आणि काम करता करता बरोबर गायची. आमच्या घरात कुठलंच गाणं एका आवाजात कधी वाजलं नाही. मोठी होईपर्यंत मला वाटायचं, सगळ्या रेकॉर्डवर दोन बायका गातात.

म्हणून मी म्हटलं, "आता बिनधास्त गा."

"हो, गाईन की," ती म्हणाली, आणि पुढची रेकॉर्ड पुसायला घेतली.

ती काही गायली नाही. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. मी होडीचं गाणं लावलं. ते तिचं सगळ्यात लाडकं. मधे एके ठिकाणी गाणारी बाई जी वर चढते ती उतरायचं नावच घेत नाही, आणि आईही तिच्याबरोबर तिथेच थांबायची, हातात पोळपाट असो नाहीतर पुसणं. या खेपेला तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ही जरा घाईत नाही का गं? हिला कुठे गाडी पकडायची आहे?"

मी तिला रेकॉर्डचं पाकीट दाखवलं. त्यावर छापलं होतं, तीन मिनिटं वीस सेकंद. लॅपटॉपवरही तेवढंच दिसत होतं. "सेकंदाचा फरक नाही," मी तोऱ्यात म्हटलं. "नवं मशीन आहे, नवी सुई आहे. आवाज स्वच्छ आलाय, म्हणून तुला वेगळा वाटतोय."

"छान आहे," आई म्हणाली.

हे 'छान आहे' मी ओळखते. दुकानात रोज ऐकते. चष्म्याचा नंबर चुकला की भिडस्त माणूस 'दिसतंय की' म्हणतो आणि मान तिरकी करतो. आईने मान तिरकी केली होती. पण नंबर तर बरोबर होता, मग चुकलं काय, हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी कळलं, निदान मला तसं वाटलं. मी बाहेरच्या खोलीत गाणी वेगळी करून त्यांना नावं देत होते. होडीचं गाणं पुन्हा लावून बघितलं. आतून आईचा आवाज आला. हळूच, चाचपडत. चढाची जागा आली आणि आवाज फाटला. लगेच तिने नळ सोडला. बराच वेळ भांडी खंगाळत राहिली. भांडी दोनच होती.

मग पदराला हात पुसत बाहेर आली आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "एवढी सगळी कशाला भरतेस? दहा-बारा पुरेत. वय झालं आता, आवाज गेला माझा. नुसतं ऐकायला दहा-बारा खूप झाली."

मला राग आला. तिचा नाही, कशाचा ते सांगता येत नाही. नवं गाव, चौथा मजला, खाली कुणी ओळखीचं नाही, दादा-वहिनी दिवसभर कामावर. तिथे ती दिवसभर करणार काय? गाणी बरोबर असली तर तिचं निभेल, या एका भरवशावर मी तिला पाठवायला तयार झाले होते. आणि आता ती गाणी नेणार होती, पण गाणं इथेच ठेवून जाणार होती. मी म्हटलं, "एकशे अठराच्या एकशे अठरा भरणार." आणि रेकॉर्ड जरा आपटूनच ठेवली. आईने ती उचलून पुन्हा पुसली.

आवाज जाण्याची तिची ही पहिली खेप नव्हती. मी आठवीत असताना तिचा घसा असा धरला होता की डॉक्टरांनी दीड महिना बोलायलाच बंदी केली. पाटी घेऊन घरात फिरायची. बंदी उठली तेव्हा आवाज परत आला, पण जाडसर होऊन. बोर्डावर चालून गेलं. रेकॉर्डबरोबर मात्र तिचा सूर पोचेना. दोन-चारदा तिने प्रयत्न केला, मग प्लेअरवर टॉवेल टाकून ठेवला आणि कुणी लावू नका म्हणाली. ते महिने मला अजून आठवतात. घरात सगळं वेळच्या वेळी होत होतं आणि घर आजारी असल्यासारखं होतं.

मग आईने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या धरल्या. रोज सकाळी, नेमाने. बाबांचा घसा ठणठणीत होता, पण तेही तिच्या शेजारी उभे राहून गुळण्या करायचे. दादा आणि मी अंथरुणात पडून ती जुगलबंदी ऐकायचो आणि उशीत तोंड खुपसून हसायचो. त्याच सुमाराला बाबांनी प्लेअर आतून साफ करायचा म्हणून चार दिवस दुकानात नेला होता. परत आणला, रविवारी त्यांनीच रेकॉर्ड लावली, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. चढावर गेली आणि थांबली तिथे. बाहेर आली तेव्हा तोंडावर हसू मावत नव्हतं. "गुळण्या," ती बाबांना म्हणाली. बाबांनी मान डोलावली.

त्या दिवसापासून आईला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध सापडलं. पोस्टमनला गुळण्या, माझ्या नवऱ्याला गुळण्या, एकदा तर गुडघा दुखतो म्हणणाऱ्या शेजारणीलाही तिने गुळण्या सांगितल्या.

पुढच्या माझ्या सुट्टीच्या दिवशी आई बँकेत गेली होती आणि मी भिंतीवरच्या वस्तू उतरवत होते. स्वयंपाकघरातलं घड्याळ काढलं. त्याच्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. मी एकटीच हसले. हे घड्याळ सात मिनिटं पुढे असतं, माझ्यासाठी. शाळेला रोज उशीर व्हायचा म्हणून बाबांनी केलं, आणि मी शाळा सोडून तीस वर्षं होत आली तरी ते पुढेच आहे.

लाल ठिपका ही बाबांच्या दुकानातली रीत. काही गिऱ्हाइकांना घड्याळ चुकीचंच हवं असायचं. एका बेकरीवाल्याला दहा मिनिटं पुढे, एका मास्तरांना चार मिनिटं मागे. अशा घड्याळाच्या पाठीवर बाबा ठिपका द्यायचे. अर्थ एवढाच, की ही चूक मुद्दाम केलेली आहे, कुणाच्या तरी सोयीसाठी, विचारल्याशिवाय दुरुस्त करू नये. दुरुस्तीला आलेलं घड्याळ ते आधी उलटं करायचे, आणि ठिपका दिसला की पहिला प्रश्न, "किती पुढे?" किंवा "किती मागे?" आईने आयुष्यात नखं रंगवली नाहीत, पण आमच्या घरी नेलपॉलिशची बाटली कधी संपली नाही.

घड्याळ कागदात गुंडाळलं आणि जुन्या प्लेअरकडे वळले. तो भंगारात द्यायचा ठरला होता. वायर गुंडाळायला म्हणून मी तो उलटा केला.

बुडाला, मोटरच्या जागी, एक बारीकसं भोक होतं. आत स्क्रू दिसत होता. आणि भोकाशेजारी लाल ठिपका.

मी खाली फरशीवरच बसले. मग उठून प्लेअर सरळ केला, वायर लावली, थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि मोबाइलवर एक मिनिट लावून फेऱ्या मोजल्या. साडेएकतीस. पुन्हा मोजल्या. साडेएकतीस. हव्यात तेहतीस आणि वर थोड्या. तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं आमच्या घरात बारा सेकंद जास्त चालत होतं. थाळी हळू फिरली की सूरही खाली येतो; बाई वर चढायची, पण आईला पोचेल एवढीच. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाचं घड्याळ आठवड्याला दहा सेकंदही चुकू दिलं नाही, त्याने ही चूक हाताने केली होती, स्क्रूने, केसाएवढी केसाएवढी, ती ओळखू येणार नाही पण आईला पुरेल इतकी. चार दिवस उगाच नव्हते लागले.

आणि मी शहाणी, पाकिटावरचे सेकंद दाखवून तिला गप्प केलं होतं. मला बाबांची इतकी आठवण आली की मी त्या मुक्या प्लेअरवर डोकं ठेवून रडले. दोन वर्षांत एवढी रडले नव्हते.

तोवर एकसष्ट रेकॉर्ड भरून झाल्या होत्या. सगळ्यांचा वेग मी लॅपटॉपवर साडेपाच टक्क्यांनी कमी केला. पुढच्याही तशाच करायच्या ठरवल्या. आईला काही सांगितलं नाही. संध्याकाळी ती आत कपबशा कागदात गुंडाळत होती, तेव्हा मी होडीचं गाणं लावलं आणि उगाच वायरीशी खेळत बसले.

आधी कागदाचा आवाज थांबला. मग आई गुणगुणायला लागली. मग गायला लागली. चढाची जागा आली. ती गेली वर, आणि राहिली तिथे, त्या बाईच्या शेजारी. वयाने थरथर आली होती थोडी. पण होती.

गाणं संपल्यावर ती दारात आली. कान लाल झाले होते. "परवापासून पुन्हा गुळण्या सुरू केल्यात," ती म्हणाली. "तुला बोलले नव्हते. हसली असतीस."

"दिसतोय फरक," मी म्हटलं. याहून जास्त बोलायला गेले असते तर पितळ उघडं पडलं असतं.

पुढचे दहा दिवस आम्ही मजेत काढले. ती पुसायची, मी भरायची, आणि आदल्या दिवशीची गाणी लावली की ती गायची. कोणत्या रेकॉर्डवर कोणत्या बाजूला खरचटलंय ते तिला तोंडपाठ होतं. गाण्यांची यादी तिने स्वतःच्या अक्षरात केली आणि एका गायकाच्या नावापुढे कंसात 'मेला रडका' असं लिहिलं. एकशे अठराच्या एकशे अठरा झाल्या.

गाणी एका छोट्या हार्ड डिस्कमध्ये घातली. आता काळजी होती ती दादाची. आमचा दादा म्हणजे शेजारच्याचं तिरकं चित्रही सरळ करून येणारा माणूस. गाणी हळू आहेत हे त्याच्या पहिल्याच तासात लक्षात येणार आणि दुसऱ्या तासात तो ती 'नीट' करून ठेवणार. म्हणून मी नेलपॉलिश विकत आणलं आणि डिस्कच्या पाठीवर एक ठिपका दिला. दादाला एवढं पुरे होतं.

निघायच्या दिवशी दादा गाडीत सामान लावायला खाली गेला होता. रिकाम्या खोलीत एक खुर्ची उरली होती, तिच्यावर आई पर्स घेऊन बसली होती. मी तिच्या हातात डिस्क दिली. पर्समध्ये ठेवता ठेवता तिने ती उलटी केली. जवळजवळ पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात काढलेली बाई, ती वस्तू उलटी करणारच. माझ्या हे कसं लक्षात आलं नाही, कोण जाणे.

ती ठिपक्याकडे बघत राहिली. अंगठ्याने त्यावरून एकदा हात फिरवला. मग विचारलं, "किती मागे?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. "मिनिटाला जवळजवळ दोन फेऱ्या," मी म्हटलं. "जुन्या प्लेअरच्या बुडाला पण आहे ठिपका. मी तेवढंच ठेवलंय."

आईची नजर ठिपक्यावरच होती. मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. रविवार, दुकानात नेलेला प्लेअर, सगळं.

"म्हणजे गुळण्यांनी नव्हतं झालं," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"सगळ्या जगाला सांगत सुटले मी. आणि हे समोर बसून मान डोलवायचे." तिने डिस्क दोन्ही हातांत धरली. "घसा तर त्यांचा धडधाकट होता. मग रोज सकाळी माझ्याशेजारी उभं राहून कशाला गुळण्या करत होते?"

मी तिच्याजवळ फरशीवर बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. उत्तर तिला माहीत होतं. तिने डोळे पुसले, माझेही पुसले, त्याच पदराने. दादाने खालून हॉर्न वाजवला तेव्हा ती उठली, डिस्क पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन दोनदा ओढून बघितली.

चार दिवसांनी दादाचा फोन आला. आई नीट रुळतेय, खालच्या बागेत एक मैत्रीणही झालीय. "पण तुझ्या कामात गडबड आहे गं," तो म्हणाला. "गाणी हळू चालतायत. आज बसतो आणि सगळी सरळ करून टाकतो."

मी तोंड उघडायच्या आत मागून आईचा आवाज आला. "आधी उलटं करून बघ."

डिस्क काढून उलटी केल्याची खुडबुड फोनवर ऐकू आली. मग दादाने घसा साफ केला. "बाबांनी?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. "राहू दे मग." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "आणि हे काय नवीन काढलंय तिने? रोज सकाळी मिठाचं पाणी घेऊन उभी राहते, आणि मलाही शेजारी उभं करते. माझ्या घशाला काही झालेलं नाही."

"कर तू," मी म्हटलं. "बाबा करायचे."